काजव्यांच्या रानात शिरताना

कोल्हारला नगर-मनमाड रस्ता सोडून लोणीकडे वळलं की पुढे थेट घोटी. या रस्त्याचं नावच कोल्हार-घोटी. संगमनेर, अकोले, राजूर मागे पडतं तसा उसाचा पट्टा संपतो, भातखाचरं लागतात आणि कळसूबाईची रांग समोर उभी राहते. आपल्या कोल्हार-भगवतीपूरला येणारी प्रवरा तिथेच, रतनगडाच्या अंगावर उगम पावते. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, ओझरच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले आणि या खालच्या मुलखाचं नशीब पालटलं. म्हणून मी आमच्याकडच्या मंडळींना नेहमी सांगतो, त्या डोंगरातल्या जंगलाशी आपलं नातं पर्यटकापेक्षा जवळचं आहे. तिथले नियम आपण तरी आधी पाळावेत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या २७ व्या कलमानुसार कामावरचे सरकारी नोकर, आत जमीनजुमला असलेले लोक आणि सार्वजनिक रस्त्याने नुसते पुढे जाणारे अशा काहींना मोकळीक आहे. आपल्यासारख्यांना परवानगी लागते. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन यांसाठी ती २८ व्या कलमाखाली मिळते. आग लावणं ३० व्या कलमाने मना, परवानगीशिवाय हत्यार नेणं ३१ व्या कलमाने. नाक्यावर फाडलेल्या प्रवेशपावतीच्या चिटोऱ्यामागे एवढं सगळं उभं असतं.

आता माझ्या आवडीचं, काजव्यांचं. मेअखेरीस वळवाच्या सरी पडल्या की मोठा पाऊस लागेपर्यंत भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती, घाटघर, साम्रद, रतनवाडीच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी झाडं काजव्यांनी भरून जातात. एखादा सादडा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लखलखतो, क्षणभर विझतो, पुन्हा सगळा एकदम पेटतो. अनेक वर्षं मी तिथे जातोय, तरी दरवेळी पाय जागीच थबकतात.

या उजेडात उष्णता जवळपास नसतेच. काजव्याच्या पोटाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. प्राणवायूशी त्याचा संयोग झाला की प्रकाश पडतो. हा सगळा खटाटोप जोडीदारासाठी. नर उडता उडता खुणावतो, मादी बहुधा गवतातून किंवा पानाआडून उत्तर देते. प्रौढ काजव्याच्या हाती जेमतेम काही आठवडे असतात. त्याआधीचे कितीतरी महिने तो अळी होऊन ओल्या मातीत, पाचोळ्यात गोगलगायी खात काढतो. आता कल्पना करा, त्याच झाडावर कुणी गाडीचा मोठा दिवा मारला. खुणा पुसल्या गेल्या, उत्तर पोचलं नाही, ती रात्र वाया गेली. फोटोच्या हट्टापायी गवतात शिरलेल्या बुटाखाली मादी चिरडली, तर पुढच्या साली चमकणारी एक अख्खी पिढी गेली. फ्लॅश नको, बॅटरी झाडावर मारू नको, वाट सोडू नको, गाणी लावू नको, हे नियम यातूनच आले आहेत. मी बॅटरीच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद दुमडून रबराने बांधतो आणि ती फक्त पायापुढे धरतो. वाट दिसते, काजव्यांनाही त्रास कमी होतो.

पावसाळ्यात सांदण दरीत उतरायला बंदी असते, त्यावरही लोक कुरकुरतात. दोन्ही बाजूंनी सरळ कातळ आणि मध्ये चिंचोळी घळ. वर पाऊस झाला की पाणी दुसरीकडे जाणार कुठे? तिथे वाद घालणाऱ्याला मी हात जोडतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचे तंबू आणि शेकोट्यांबद्दलही माझं मत कडक आहे. कडा पाहायला जावं, जरूर जावं. पण तिथे जाळ करायचं कारण नाही.

‘जंगल आपलंच, मग पैसे कसले?’ हा प्रश्न नाक्यावर हमखास ऐकू येतो. काही वाटांवर गावच्या समितीची पोरं पावती फाडतात. ती बहुतेक आदिवासी घरांतली. वाटेवरच्या बाटल्या गोळा करणारी, चुकलेल्यांना रात्री शोधायला जाणारीही तीच. त्यांच्या घरी पिठलं-भाकरी खाऊन मुक्काम करावा, पावती बिनतक्रार घ्यावी.

माझी तक्रार वेगळीच आहे. पावती माणसं मोजते, पण गाड्यांच्या रांगेला आवर घालत नाही. जूनमधल्या शनिवारी रात्री जलाशयाच्या रस्त्यावर दिव्यांची माळ लागते आणि रस्त्याकडेच्या झाडांवर काजवे दिसेनासे होतात. बाहेरच्या गाड्या शेंडी गावातच थांबवाव्यात, पुढे गावातल्याच जीपा चालवाव्यात, त्याही अंधार पडायच्या आत पोचवून दिवे बंद करून उभ्या कराव्यात, आणि एका रात्रीत किती जणांना सोडायचं याचा आकडा आधीच ठरवून जाहीर करावा. मला आयत्या वेळी परत फिरावं लागलं तरी चालेल. मी पुढच्या आठवड्यात मधल्या वारी येईन.