गावातला बंद पडलेला पब विकत घेऊन त्याचं घर करता येतं का? इंग्लंडमध्ये यावरून गावं का भांडतात?

'पब' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईतला डीजे, अंधूक उजेड आणि शनिवारची गर्दी येते. इंग्लंडच्या खेड्यातला पब मात्र बराच वेगळा असतो. रविवारी दुपारी कुटुंबं तिथे जेवायला येतात, संध्याकाळी शेतकरी बिअरचा ग्लास घेऊन गप्पा मारतात, एखाद्याच्या अंत्यविधीनंतर नातेवाईकही तिथेच जमतात. आपल्या गावातला पार जे काम करतो, त्यातलं बरंचसं काम तिथे पब करतो. मुळात 'पब' हा 'पब्लिक हाऊस' या शब्दाचाच संक्षेप आहे.

आता समजा, हा पब बंद पडला. कोणीतरी तो विकत घेतला आणि म्हणाला, मला इथे राहायचंय. इमारत त्याची, पैसे त्याचे. मग गावाने आडवं का यावं?

पब बंद का पडतायत?

पब उद्योगाच्या आकडेवारीनुसार 2000 साली ब्रिटनमध्ये सुमारे 60 हजार पब होते. आता ही संख्या 45 हजारांच्या आसपास आली आहे. सुपरमार्केटमध्ये मिळणारी स्वस्त बिअर, 2007 साली इंग्लंडमध्ये लागू झालेली धूम्रपानबंदी, कोव्हिडचा काळ आणि त्यानंतर वाढलेली विजेची-गॅसची बिलं, अशी बरीच कारणं आहेत. खेड्यात तर गिऱ्हाईकच मोजकं असतं.

पण आणखी एक कारण आहे आणि ते जमिनीच्या भावाशी जोडलेलं आहे. पब म्हणून इमारतीची किंमत तिथे होणाऱ्या कमाईवर ठरते. घर म्हणून तीच किंमत आसपासच्या घरांच्या भावावर ठरते. निसर्गरम्य खेड्यात हा फरक खूप मोठा असू शकतो. म्हणजे पब चालण्यापेक्षा तो न चालण्यात मालकाचा जास्त फायदा असू शकतो. वादाचं मूळ इथेच आहे.

घर करायला परवानगी लागते का?

हो. त्यासाठी स्थानिक काउन्सिलची परवानगी लागते. पूर्वी पबचं दुकान करणं किंवा पब पाडून टाकणं बऱ्याचदा अशा परवानगीशिवाय शक्य होतं. मे 2017 मध्ये कायदा बदलून ही पळवाट बंद करण्यात आली.

अनेकांचा एक गैरसमज असतो. पबचालकाचं कुटुंब वरच्या मजल्यावर राहायचं, म्हणजे ते घर होतंच की! पण साधारणपणे असं राहणं पबचाच भाग मानलं जातं. त्यामुळे खालचा बार बंद केला म्हणून अख्खी इमारत आपोआप घर होत नाही.

परवानगी कशावर ठरते?

इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात गावाला लागणाऱ्या सोयींच्या यादीत दुकान, सभागृह यांच्यासोबत पबचंही नाव आहे. अशा सोयी विनाकारण नष्ट होऊ देऊ नयेत, असं हे धोरण सांगतं. त्यामुळे बहुतेक काउन्सिल मालकाला दोन गोष्टी सिद्ध करायला लावतात.

पहिली, पब म्हणून ही जागा योग्य किमतीत विकायचा खरोखर प्रयत्न केला का? अनेक ठिकाणी किमान वर्षभराची जाहिरात दाखवावी लागते.

दुसरी, हा धंदा कोणीही चालवला तरी तोट्यातच जाईल का? फक्त आधीच्या चालकाला तोटा झाला, एवढं पुरत नाही.

गावकरी नेमकं इथेच बोट ठेवतात. किंमत मुद्दाम चढी लावली होती, स्वयंपाकघर वर्षानुवर्षं बंद ठेवलं होतं, छप्पर गळत असताना दुरुस्ती केली नाही, असे आक्षेप येतात. पब चालला नाही की चालू दिला नाही, हा खरा प्रश्न असतो.

गावाच्या हातात काय आहे?

2011 च्या 'लोकॅलिझम ॲक्ट'नुसार गावकरी पबची नोंद 'समाजासाठी मोलाची मालमत्ता' म्हणून करून घेऊ शकतात. ही नोंद 5 वर्षं टिकते. त्या काळात मालकाने पब विकायला काढला, तर गावाला इच्छा कळवायला 6 आठवडे मिळतात. गावाने तशी इच्छा कळवली, तर पैसे उभे करायला एकूण 6 महिने मिळतात.

यातली मेख अशी की मालकाने गावालाच विकावं असं बंधन नाही. 6 महिने संपले की तो कोणालाही विकू शकतो. म्हणूनच जुलै 2025 मध्ये संसदेत मांडलेल्या एका विधेयकात गावाला खरेदीचा पहिला हक्क आणि त्यासाठी 12 महिन्यांची मुदत देण्याची तरतूद ठेवण्यात आली.

गावाने पब विकत घेतल्याची उदाहरणंही आहेत. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या छोट्या गावात 'द ओल्ड क्राऊन' हा पब 2003 साली लोकांनी सहकारी संस्था काढून घेतला. ब्रिटनमधला पहिला सहकारी पब म्हणून तो ओळखला जातो. साखर कारखाने आणि दूध संघ पाहत वाढलेल्या मराठी माणसाला ही कल्पना नवी वाटणार नाही.

गुपचूप राहायला गेलं तर?

पूर्वी परवानगी नसताना 4 वर्षं घर म्हणून वापर झाला, तर काउन्सिल सहसा कारवाई करू शकत नसे. 25 एप्रिल 2024 नंतर झालेल्या बदलांसाठी ही मुदत 10 वर्षं झाली आहे. इमारत वारसा यादीत असेल, तर जुना लाकडी बार किंवा शेकोटी हलवायलाही वेगळी मंजुरी लागू शकते.

म्हणजे नवीन मालक नेहमी खलनायकच असतो का? तसं नाही. काही पब खरंच चालू शकत नाहीत. रिकामी इमारत ढासळत राहण्यापेक्षा तिथे कोणी राहायला आलेलं गावालाही बरं वाटतं.

पण एकदा घर झालं की परतीची वाट जवळपास बंद होते. घर म्हणून चढलेली किंमत नंतर कोणत्याच पबचालकाला परवडत नाही. म्हणूनच गावातला तो शेवटचा पब असेल, तर एका अर्जावर अख्खं गाव काउन्सिलच्या बैठकीला जाऊन बसतं.