टाळू शिवली, आता पुढे?

दुभंगलेली टाळू साधारणपणे 9 ते 18 महिन्यांच्या वयात शिवतात. जखम भरली, दूध नाकातून येईनासं झालं की घरच्यांना हायसं वाटतं आणि तपासणीच्या तारखा चुकू लागतात. पुढचं नुकसान होतं ते इथेच, आणि त्याच्या मुळाशी असतात काही गैरसमज.

गैरसमज : टाळू शिवली की बोलणं आपोआप सुधारतं.
वस्तुस्थिती : प, ब, क म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. तो आखूड पडला किंवा नीट हलला नाही, तर हवा नाकातून निसटते. ‘बाबा’चं ‘मामा’ होतं. मुलाच्या नाकाखाली छोटा आरसा धरून ‘पापा, पापा’ म्हणायला सांगा. आरशावर वाफ धरली, तर तज्ज्ञांना दाखवा. फक्त टाळू दुभंगलेल्या बाळांचा एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षी हवा निसटण्याचा हा दोष सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्या 8.9 टक्के, तर बाराव्या महिन्यात झालेल्या 15 टक्के मुलांत आढळला.

गैरसमज : पुन्हा ऑपरेशन लागलं, म्हणजे पहिलं फसलं.
वस्तुस्थिती : टाके ताणले गेले किंवा जंतुसंसर्ग झाला, तर चांगल्या हातून शिवलेल्या टाळूलाही छिद्र राहू शकतं. लहानसं, त्रास न देणारं छिद्र तसंच ठेवता येतं. पाणी नाकात जात असेल किंवा बोलणं बिघडत असेल, तर ते बंद करतात. हवा निसटण्याचं कारण टाळूच्या रचनेत असेल, तर त्यावर बहुधा दुसरी शस्त्रक्रियाच करावी लागते. घशातून अक्षरं काढण्याची लागलेली सवय मात्र स्पीच थेरपीनेच मोडते. दोन्ही उपचार आपापल्या जागी हवेत.

गैरसमज : मूल हाकेला ओ देत नाही, म्हणजे मंद आहे.
वस्तुस्थिती : आधी कान तपासा. टाळूचे स्नायू कानाची नळीही उघडतात. ते कमजोर असल्याने पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं. कान दुखत नसल्याने ते कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून श्रवणचाचणी ठरावीक काळाने करावी. गरज पडल्यास कानाच्या पडद्यात ग्रोमेट ही बारीक नळी बसवतात.

गैरसमज : दात वेडेवाकडे आले, तर मोठेपणी बघू.
वस्तुस्थिती : हिरडीतही फट असेल, तर कमरेचं हाड घेऊन ती भरतात. त्यासाठी योग्य वय साधारण 7 ते 11 वर्षं, म्हणजे सुळा येण्याआधी. काही मुलांचा वरचा जबडा वाढीत मागे पडतो. त्याची शस्त्रक्रिया बहुधा वाढ पूर्ण झाल्यावर होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि दुभंगलेल्या टाळूचा त्यात समावेश आहे. अंगणवाडी किंवा शाळेत येणाऱ्या पथकाला मूल दाखवा, सगळे कागद एका फाइलमध्ये जपा आणि मूल चांगलं दिसत असलं तरी पुढची तारीख चुकवू नका.