प्रमिलेचें आख्यान व अश्वमेधाच्या पोथ्या

जुन्या दप्तरांत 'अश्वमेधपर्व' एवढ्याच नांवाच्या पोथ्या पुष्कळदा आढळतात. हें नांव दोन निराळ्या ग्रंथांस लागूं शकतें: एक, व्यासभारतांतील आश्वमेधिकपर्व, दुसरा, जैमिनीच्या नांवावर चालत आलेला अडुसष्ट अध्यायांचा अश्वमेध. या दुसऱ्याच्या पुष्पिकेंतही महाभारताचें नांव येत असल्यामुळें घोटाळा वाढतो. आद्यंतींचीं पानें गळालेल्या पोथीचा निर्णय करण्यास स्त्रीराज्याची वीरांगना प्रमिला ही चांगली साक्षीदार आहे, असें आमचें मत आहे.

कथा थोडक्यांत अशी. युधिष्ठिराचा यज्ञीय अश्व स्त्रीराज्यांत शिरला. प्रमिलेनें तो बांधून ठेविला व अर्जुनास युद्धास पाचारिलें. अर्जुनास ती आटोपेना. तेव्हां स्त्रीवधाचें साहस करूं नये, तिचें पाणिग्रहण करावें, अशी आकाशवाणी झाली. अर्जुनानें तें मान्य करून तिला हस्तिनापुरास पाठविलें व अश्व पुढें चालला.

व्यासभारतांत हें आख्यान नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या, प्रा. र. दा. करमरकर संपादित चिकित्सित आवृत्तींत अश्व त्रिगर्त, प्राग्ज्योतिष, सिंधुदेश, मणिपूर व मगध या मार्गानें जातो. प्रमिला कोठेंही भेटत नाहीं.

मात्र केवळ 'स्त्रीराज्य' हा शब्द पाहून निर्णय करूं नये. शांतिपर्वांत कलिंगराजाच्या कन्येच्या स्वयंवरास आलेल्या राजांत स्त्रीराज्याचा अधिपति म्हणून सृगाल या पुरुषाचें नांव आहे. वराहमिहिरानेंही बृहत्संहितेंत हा देश वायव्येस सांगितला आहे. तसेंच बभ्रुवाहनाची कथा दोन्ही ग्रंथांत असल्यानें निरुपयोगी. श्रोता जनमेजय हाही दोहोंकडे समान. वक्ता मात्र एकीकडे वैशंपायन, तर दुसरीकडे जैमिनि. प्रमिलेच्या जोडीस सुधन्वा, मयूरध्वज वा चंद्रहास आढळल्यास पोथी जैमिनीय समजावी.

महाराष्ट्रांत श्रीधराच्या ओवीबद्ध जैमिनी अश्वमेधामुळें (शके १६३७, इ. स. १७१५) प्रमिला घरोघरीं पोंचली, व ती व्यासांचीच असा समज रूढ झाला. या समजानें केलेल्या यादींत जैमिनीय पोथी व्यासांच्या नांवाखालीं दडून राहते आणि तिचा शोध घेणारा अभ्यासक विन्मुख परततो. तरी संग्राहकांनीं वेष्टनावरील नांवावर न विसंबतां आंतील चार पानें उलटून पाहावीं व वक्त्याचें नांव यादींत अवश्य नोंदवावें.