घरपट्टीत नसलेला रकाना

महाराष्ट्रातील नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या बिलात मालमत्ता कराबरोबर शिक्षण कर असतो, वृक्ष उपकर असतो आणि दुकान-गाळ्यांना रोजगार हमी उपकरही लागतो. ग्रंथालयासाठी मात्र वेगळा रकाना नाही. त्यामुळे श्रीरामपूरसारख्या गावातील करदात्याचा पैसा वाचनालयापर्यंत पोचतो तो आडवाटेने.

पहिली वाट नगरपरिषदेच्या सर्वसाधारण निधीची. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार दिवाबत्ती, साफसफाई ही आवश्यक कर्तव्ये आहेत. वाचनालय चालवणे ऐच्छिक. ऐच्छिक खर्चालाच आधी कात्री लागते, हे अंदाजपत्रकाच्या सभेला बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. श्रीरामपूरसारख्या बाजारपेठेच्या गावांना पूर्वी जकातीचा मोठा आधार होता. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. तेव्हापासून स्वतःच्या मर्जीने खर्च करण्याची गावाची ऐपत घटली.

दुसरी वाट मुंबईहून येते. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने स्थानिक कर न लावता राज्याचा ग्रंथालय निधी उभारला आणि त्यात शासनाने दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत असे ठरवले. त्यातून मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गांनुसार परिरक्षण अनुदान मिळते. 2022 मध्ये ते 60 टक्क्यांनी वाढले, तेव्हा ड वर्गाचे वार्षिक अनुदान 30 हजारांवरून 48 हजारांवर गेले. म्हणजे महिन्याला चार हजार. एवढ्यात ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रे आणि नवी पुस्तके बसवायची! हा पैसाही शेवटी जनतेचाच. श्रीरामपूरच्या बाजारात साबण घेणाराही वस्तू व सेवा करातून त्याला हातभार लावतो, पण घरपट्टीच्या बिलात ते दिसत नाही आणि गावात कोणी त्याचा हिशेबही मागत नाही.

शेजारी चित्र वेगळे आहे. 1948 मध्ये ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून मद्रास प्रांताचा ग्रंथालय कायदा झाला आणि त्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. कर्नाटकाच्या 1965 च्या कायद्यानेही तीच रीत स्वीकारली. तिथे मालमत्ता करावर सहा टक्के उपकर आहे, म्हणून बेळगावचा मराठी घरमालक ग्रंथालयासाठी थेट पैसे भरतो. गोव्याने उपकर मद्यावर बसवला. वाचणाऱ्याचा भार पिणाऱ्यावर टाकण्याची ही युक्ती गमतीची खरी, पण उत्पन्नाच्या दृष्टीने व्यवहारी.

उपकर लावला म्हणजे पैसा पोचलाच असे नाही. तो वसूल करते स्थानिक संस्था आणि खर्च करतो ग्रंथालय विभाग. मधल्या टप्प्यात रक्कम अडकते. बेंगळुरू महापालिकेकडे अशी थकबाकी वर्षानुवर्षे साचत आली. इंग्लंडच्या 1850 च्या ग्रंथालय कायद्याची अडचण आणखी न्यारी होती: नगरांना ग्रंथालयासाठी कर लावता येई, पण त्यातून इमारत बांधायची, पुस्तके घ्यायची नाहीत. ही उणीव पुढच्या पाच वर्षांत दूर झाली.