चहात मीठ!

चहात चुकून साखरेऐवजी मीठ पडलं, तर आपल्या घरी केवढा गोंधळ होतो! पण दोस्तांनो, मंगोलियात पाहुण्यापुढे मुद्दाम मीठ घातलेला, भरपूर दुधाचा चहाच येतो. त्याचं नाव ‘सूतेई त्साय’. वाडगा उजव्या हातानं घ्यायचा, डावा हात उजव्या कोपराला लावायचा आणि ‘नको’ म्हणायचं नाही. निदान ओठ तरी लावायचे!

हा देश आपल्या जवळजवळ निम्म्या आकाराचा, पण माणसं सुमारे ३५ लाखच. गवताळ माळावर एका ‘गेर’पासून (म्हणजे लोकरीच्या गोल तंबूपासून) दुसरा कैक मैल दूर. दारी आलेल्याला खाऊ घातलं नाही, तर तो जाणार कुठं?

हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्याही खाली जातो. भाजीपाला पिकणार कसा? त्यामुळे सगळी भिस्त जनावरांवर. उन्हाळ्यात दूधदुभतं, म्हणजे ‘पांढरं अन्न’; हिवाळ्यात मांस, म्हणजे ‘लाल अन्न’. चक्का वाळवून दगडासारखा टणक ‘आरूल’ करतात. तो चावायचा नाही, चघळायचा! घोडीचं दूध कातडी पिशवीत हजारो वेळा घुसळून आंबवतात, त्याला म्हणतात ‘आयराग’. आत येणारा पाहुणाही रवीचे चार हात मारतो. ही पद्धत २०१९ साली युनेस्कोच्या वारसा-यादीत गेली.

‘बूझ’ म्हणजे आपल्या मोदकाचा चुलतभाऊच. पारी कणकेची, सारण खिम्याचं, आणि वाफवलेला. नववर्षाच्या ‘त्सागान सार’ सणाला घरोघरी शेकड्यांनी बूझ करतात आणि बाहेरच्या थंडीत गोठवून ठेवतात. फ्रिज हवाय कुणाला?

प्रवासात रस्त्याकडेच्या ‘गुआंझ’ नावाच्या खाणावळीत बूझ किंवा तळलेले ‘खूशूर’ मिळतात. पश्चिमेला बायान-उल्गीत कझाक लोक घोड्याच्या मांसाचे पदार्थ वाढतात, तर गोबीच्या वाळवंटात उंटिणीचं दूध. शाकाहारी मंडळींनी मात्र उलानबातर सोडताना डबा बरोबर घ्यावा, हे उत्तम.

पण कधीकधी हिवाळा इतका कडक येतो, की बर्फाखालचं गवत जनावरांना मिळतच नाही. त्याला तिथं ‘झुद’ म्हणतात. २००९-१० च्या झुदमध्ये ८० लाखांहून जास्त जनावरं मेली. २०२३-२४ मध्ये पुन्हा ७० लाखांहून जास्त. कळप गेला की दूध गेलं, मांस गेलं. मग कितीतरी कुटुंबं गेर गुंडाळून उलानबातरच्या कडेला येऊन राहतात. तिथं घोडी नाही, आयराग नाही, दूधही दुकानातून आणायचं. चहात मीठ मात्र पडतंच.