करवतीचे रुसवे आणि त्यांचे निदान

कोयता, कुऱ्हाड आणि फार तर एखादी हातकरवत एवढीच हत्यारे ज्या घरांच्या पडवीत पिढ्यानपिढ्या नांदत आली, अशा कोकणातील अनेक घरांत हल्ली एक नवे बिऱ्हाड येऊन राहिले आहे. ते म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत. दुकानदार तिला 'चेनसॉ' म्हणतो. गडीमाणसे नुसते 'कटर' किंवा 'मशीन' म्हणतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्यालगत घोंघावत उत्तरेस गेले. ज्या घरी दोन वृद्ध माणसे राहतात, मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी आहेत आणि गडी मिळण्याची मारामार आहे, त्या घराच्या दारातच फणस आडवा पडला म्हणजे कुऱ्हाडीच्या भरवशावर किती दिवस बसावयाचे? तेव्हा हे यंत्र घरात आले ते चैनीखातर नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे.

परंतु यंत्र घेणे निराळे आणि ते पाळणे निराळे. गाय आणली की तिच्या वैरणीची आणि दुखण्याखुपण्याची काळजी ओघानेच येते. यंत्राविषयी मात्र आपली अशी समजूत असते की, पैसे मोजले की आपले कर्तव्य संपले. मग चार महिने कोपऱ्यात पडलेली करवत ऐन वेळी सुरू होत नाही. मालक प्रथम दोरी ओढून ओढून घामाघूम होतो, नंतर चिडतो, आणि चिडल्यावर एकदम प्लग बदलतो, पेट्रोल बदलतो, दिसेल तो स्क्रू पिळतो. यंत्र सुरू झालेच तर कशामुळे झाले हे कळत नाही, आणि न झाले तर आता नवे कोणते बिघडवले हेही कळत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तशातला हा प्रकार. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात.

आपल्या नैयायिकांनी कार्यकारणभाव ओळखण्याची एक रीत सांगितली आहे: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असले की कार्य असते, हा अन्वय; कारण नसले की कार्य नसते, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तरच कारण सिद्ध झाले. ही रीत घटपटाच्या चर्चेसाठीच आहे असे नव्हे. करवतीच्या रुसव्यासही ती तंतोतंत लागू पडते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीही ठरलेल्या क्रमाने, आणि प्रत्येक वेळी काय झाले ते पाहावे. या लेखाचे सारे सांगणे एवढ्यात आले.

प्रथम या यंत्राचा अल्प परिचय. जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत तयार केली. या दुसरीचे वजन ४६ किलो होते, आणि ती चालविण्यास दोन माणसे लागत. आज घरगुती करवत चार-सहा किलोंची असते. साखळीच्या दातांची गोष्ट तर मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेतील ऑरेगॉन प्रांतात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याने एका खोडात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती आपल्या जबड्याने डावीकडे एक, उजवीकडे एक असे लचके तोडीत पुढे सरकत होती. त्यावरून त्याने डावा-उजवा असे आळीपाळीने दात असलेली साखळी घडविली. आजच्या साखळ्या त्याच वळणाच्या आहेत. ज्या किड्यास आपण बागेचा वैरी मानतो, तोच येथे गुरू झाला!

आता निदानाकडे वळू. या इंजिनास जगण्यासाठी तीन गोष्टी लागतात: योग्य पेट्रोल, ठिणगी आणि हवा. इंजिन सुरूच होत नसेल तर शोध याच क्रमाने करावा.

आधी बटण चालू आहे ना आणि टाकीत पेट्रोल आहे ना, हे पाहावे. हसू येईल, पण पुष्कळ दुखणी येथेच बरी होतात. नंतर ते पेट्रोल किती दिवसांचे आहे ते आठवावे. हे इंजिन दोन फेऱ्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक असते. त्यास वंगणासाठी निराळी टाकी नसते. म्हणून पेट्रोलातच टू-स्ट्रोकचे तेल मिसळावे लागते. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. हल्लीच्या बहुतेक यंत्रांत ते पन्नासास एक, म्हणजे एका लिटरास २० मिलिलिटर असे असते. हे माप अंदाजाने घेऊ नये. औषधाच्या मापानेच घ्यावे. तेलावाचून चालविलेल्या इंजिनाचा दट्ट्या काही मिनिटांतच ओरखडून निकामी होतो, आणि तो खर्च जवळजवळ नव्या यंत्राच्या घरात जातो.

दुसरी अडचण आपल्या काळाची आहे. आता आपल्याकडे पंपावर मिळणारे पेट्रोल सर्रास वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पाणी अधिक झाले की ते मिश्रण फुटून पाणी आणि इथेनॉल तळाशी बसते, आणि कार्बोरेटरमधील रबरी पडदे व नळ्याही त्याने खराब होतात. कोकणातील आषाढ-श्रावणाची हवा म्हणजे या रोगास आमंत्रणच. म्हणून मिश्रण महिनाभर पुरेल एवढेच करावे, आणि पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. बिघडलेल्या करवतीस ताजे मिश्रण देऊन पाहणे हाच पहिला उपाय.

ताज्या पेट्रोलानेही ती उठली नाही तर प्लग काढून पाहावा. वैद्याने जीभ पाहावी तसा हा प्रकार आहे. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही: टाकीतील नळीच्या टोकाची गाळणी तुंबली असेल, नळीस चीर असेल किंवा कार्बोरेटर चिकटला असेल. प्लग ओलाचिंब असेल तर पेट्रोल अधिक झाले आहे. चोक लावून फार वेळा दोरी ओढली की हेच होते. अशा वेळी बटण बंद ठेवून, चोक काढून, प्लगविना आठ-दहा वेळा दोरी ओढावी, प्लग पुसून कोरडा करावा आणि मग पुन्हा बसवावा. काजळी धरलेला प्लग साफ करावा. त्याच्या दोन टोकांतील फट बहुधा अर्धा मिलिमीटर लागते. ठिणगीचा संशय राहिल्यास नवा प्लग घालून पाहणे ही सर्वांत सोपी आणि स्वस्त कसोटी होय. दोरी ओढताना हातास दाबच जाणवत नसेल, तर मात्र दुखणे दट्ट्याचे आहे. तेथे घरगुती औषध नको, कारागिराकडेच जावे.

इंजिन सुरू होते पण थोड्या वेळाने मरते, ही दुसरी तक्रार. येथे टाकीचे झाकण किंचित सैल करून पाहावे, अर्थात यंत्र थंड झाल्यावर. तेवढ्याने ते नीट चालू लागले, तर टाकीत हवा जाण्याचे छिद्र बुजले आहे असे समजावे. अन्वय-व्यतिरेकाचे याहून सुबोध उदाहरण कोठे मिळणार? इंजिन गुरगुरते पण जोर धरीत नाही आणि धूर फार टाकते, तर हवेची गाळणी भुशाने भरली असेल. ती दर दिवसाच्या कामानंतर झटकावी. तीही स्वच्छ असेल तर धुराड्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काजळीने बुजली आहे काय ते पाहावे. यानंतरच कार्बोरेटरच्या स्क्रूंचा विचार. त्यांतील जोराच्या वेगाचा स्क्रू तर अंदाजाने कधीच फिरवू नये. पेट्रोल कमी आणि हवा अधिक झाली की इंजिन क्षणभर अधिक आवेशाने चालते. पण तो आवेश ज्वराचा असतो, आरोग्याचा नव्हे. त्याच तापाने दट्ट्या जळतो.

तिसरी तक्रार अशी की, इंजिन उत्तम चालते पण लाकूड कापले जात नाही. येथे दोष इंजिनाचा नसून साखळीचा असतो. भुसा पाहावा. धार चांगली असेल तर जाड किसासारखे तुकडे पडतात. धार गेली असेल तर पिठासारखी पूड पडते, धूर येतो आणि माणूस करवत दाबू लागतो. करवत दाबावी लागणे हीच धार गेल्याची खूण. नवशिक्याच्या हातून साखळी उलटीही बसते. पट्टीच्या वरच्या अंगास दातांची तोंडे टोकाकडे असली पाहिजेत. काप एका बाजूस वाकडा जात असेल तर त्या-त्या बाजूचे दात कमी-अधिक घासले गेले आहेत, किंवा पट्टी झिजली आहे. धार गोल कानशीने लावावी; कानशीची जाडी साखळीप्रमाणे ठरते. प्रत्येक दातास सारख्याच खेपा द्याव्या. नारळाचे खोड बाहेरून अतिशय कठीण आणि तंतुमय असते. त्यात किनाऱ्यावरची वाळू चिकटलेली असली तर धार पाहता पाहता जाते. म्हणून बुंधा आधी झाडून घ्यावा, आणि साखळी जमिनीस कधीही लागू देऊ नये.

साखळीस निराळे तेल लागते. ते पोहोचते की नाही हे पाहण्यास, चालत्या करवतीचे टोक फिकट सालीसमोर वीतभर अंतरावर धरावे. सालीवर तेलाची रेघ उमटली पाहिजे. न उमटल्यास पट्टीचे छिद्र भुशाने बुजले आहे. साखळी थंड असताना अशी ताणावी की ती पट्टीच्या खालच्या अंगास लागून राहील, तरी हातमोजा घातलेल्या हाताने सहज ओढता येईल. काम संपल्यावर ती थोडी सैल करावी, कारण तापलेली साखळी थंड होताना आखडते.

चौथी तक्रार सर्वांत धोक्याची. इंजिन सावकाश चालू असताना साखळी आपोआप फिरत असेल, तर काम तेथेच थांबवावे. सावकाश वेगाचा स्क्रू मंद करून पाहावा. तरीही साखळी थांबली नाही तर क्लचची स्प्रिंग गेली आहे. अशी करवत हाती धरून एक फांदीही कापू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. वरील प्रत्येक तपासणी इंजिन बंद करून, आणि शक्य तेथे प्लगची टोपी काढून करावी. तेलाची परीक्षा आणि सावकाश वेगाचा स्क्रू, एवढेच काय ते अपवाद. आणि तेव्हाही हात साखळीपासून दूर असावे. रुसलेले यंत्र माणसास चिडवते, आणि चिडलेला माणूस चालत्या साखळीस हात लावतो. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागला की करवत निमिषार्धात उसळून चालविणाराच्या तोंडावर येते. तेवढ्या वेळात विचार करण्यास सवड नसते. पुढील मुठीपुढचा ब्रेक त्यासाठीच असतो. तो चालतो की नाही हे रोज पाहावे, आणि डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळवून घट्ट धरावा. यंत्र सुरू करताना ते जमिनीवर ठेवावे, ब्रेक लावावा, आणि मागील मुठीत उजवा पाय रोवावा. शिडीवर चढून किंवा खांद्याहून उंच करवत चालवू नये. डोळ्यांस चष्मा, कानांस बोंडे, पायांत जाड जोडे आणि करवतीसाठीचा खास पायजमा हे अलंकार नव्हेत. त्या पायजम्याचे तंतू साखळीत अडकून तिला थांबवितात.

वादळात पडलेले झाड तर निजलेल्या जनावरासारखे असते. त्याच्या खोडात ताण भरलेला असतो. चुकीच्या बाजूने कापताच ते करवत पकडते किंवा फटकारा मारते. उपटलेल्या मुळांचा गड्डा खोड तुटताच परत उभा राहतो, म्हणून त्याच्या मागे किंवा खड्ड्यात कोणासही, विशेषतः मुलांस, उभे राहू देऊ नये. मोठे झाड जाणत्या माणसाकडूनच कापवावे. एकट्याने काम करू नये, आणि करवत कोणत्या बटणाने बंद होते हे घरातील स्त्रियांसही ठाऊक असावे.

आणखी एक गोष्ट. यंत्र हाती आले म्हणून झाड आपल्या मर्जीचे झाले असे नव्हे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा आणि फणसही आहेत. स्वतःच्या आवारातील असले तरी त्यांस तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. शंभर वर्षांचा फणस पाडावयास आता अर्धा तास पुरतो. तो वाढावयास मात्र पूर्वीइतकीच वर्षे लागतात.

तात्पर्य, करवत बंद पडली की दोरीचा हात थांबवावा, ती खाली ठेवावी, आणि पेट्रोल, प्लग, हवा, साखळी या क्रमाने एकेक प्रश्न विचारावा. यंत्र खोटे बोलत नाही. विचारण्याची रीत मात्र असावी लागते. आणि ज्याच्या अंगी तेवढा धीर नाही, त्याने त्या दिवशी करवत हातीच घेऊ नये. झाड उद्याही तेथेच असेल. हाताची बोटे मात्र पुन्हा फुटत नाहीत.