कोठडींतील मनुष्य आणि कायदा

एखाद्यास पोलिसांनीं धरून नेलें असें ऐकतांच ‘कांहीं तरी केलें असेल, उगीच कोण नेतो?’ असा उद्गार आपल्या तोंडून सहज निघतो. वस्तुतः अटक म्हणजे शिक्षा नव्हे. गुन्हा शाबीत झाला कीं नाहीं हें ठरविणें न्यायालयाचें काम. तोंपर्यंत कोठडींतील मनुष्य केवळ संशयित होय. त्याचे हक्क कोणते व ते कशासाठीं आहेत, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

कोठडीचें खरें भय तिच्या भिंतींत नसून एकटेपणांत आहे. आंत काय घडलें हें पाहणारें तिसरें माणूस तेथें नसतें. आपल्या करवीरच्या इतिहासांतच याची साक्ष आहे. चौथे शिवाजी महाराज कोणत्याहि गुन्ह्याचे आरोपी नव्हते. परंतु वेडाचें कारण सांगून त्यांस अहमदनगर येथें ठेवण्यांत आलें, आणि २५ डिसेंबर १८८३ रोजीं पहाऱ्यावरील गोऱ्या सोल्जराशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. गादीच्या धन्याची ही स्थिति, मग सामान्य मनुष्याची काय कथा!

स्वातंत्र्यानंतरचें उदाहरण मुंबईचें आहे. १९८२ सालीं शीला बर्से या पत्रकार बाईंनीं मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगांतील १५ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकीं ५ जणींनीं पोलीस कोठडींत आपणांस मारहाण झाल्याचें सांगितलें. बाईंनीं सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें, व न्यायालयानें तें पत्रच अर्ज मानून १५ फेब्रुवारी १९८३ रोजीं निर्णय दिला. स्त्रियांची कोठडी निराळी असावी व तिच्यावर स्त्री शिपायांचा पहारा असावा. अटकेची बातमी आप्तास व विधिसाहाय्य समितीस तत्काळ कळवावी. न्यायाधीशांनीं कोठड्यांस अचानक भेट द्यावी. आणि मॅजिस्ट्रेटानें आरोपीस ‘तुला कोणी छळलें काय?’ असें स्वतः विचारावें, अशा त्यांतील प्रमुख आज्ञा होत्या. या प्रत्येक आज्ञेनें कोठडींत बाहेरचा एक डोळा आणून बसविला.

आजचा कायदाहि याच तत्त्वावर उभा आहे. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाप्रमाणें अटकेचें कारण सांगणें, वकिलाचा सल्ला घेऊं देणें व प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांचे आंत मॅजिस्ट्रेटापुढें उभें करणें बंधनकारक आहे. हीं कारणें लेखी व आरोपीस समजेल अशा भाषेंत द्यावीं, असें सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२५ मध्यें मुंबईच्याच एका प्रकरणांत ठरविलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटकेची खबर आप्तास वा मित्रास दिली पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, आणि चौकशीच्या काळांत वकिलास भेटूं दिलें पाहिजे; मात्र वकील सर्व वेळ शेजारीं बसूं शकत नाहीं. अठरा वर्षांखालील मुलास तर पोलीस कोठडींत ठेवतांच येत नाहीं.

स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति कोणावरहि करतां येत नाहीं. पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाहीं. मात्र त्या सांगण्यावरून एखादी वस्तु सांपडल्यास तेवढा भाग ग्राह्य धरला जातो.

‘इतके हक्क दिल्यास गुन्हेगार शेफारणार नाहींत काय?’ अशी शंका कोणी घेईल. परंतु माराच्या भयानें मनुष्य न केलेलेंहि कबूल करतो. मग निरपराधी आंत राहतो आणि खरा चोर मोकळा फिरतो. तेव्हां हे हक्क चोराची ढाल नसून सत्याचेंच रक्षण होय.

तथापि आंत असलेला मनुष्य स्वतः फारसें कांहीं करूं शकत नाहीं. बाहेरच्यांनींच हालचाल करावी लागते. त्याला कोठें ठेवलें आहे, कोणत्या कारणासाठीं, आणि मॅजिस्ट्रेटापुढें केव्हां नेणार, हे तीन प्रश्न आप्तांनीं निर्भयपणें पण सभ्यतेनें विचारावे. पैसा नसल्यास जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें. कोठडींतील व्यक्तीस, तिचें उत्पन्न कितीहि असो, तेथून विनामूल्य वकील मिळतो. बेकायदा डांबून ठेवलेल्यास हजर करविण्यासाठीं उच्च न्यायालयांत अर्ज करतां येतो. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचें फिरतें खंडपीठ कोल्हापुरांतच बसूं लागल्यानें त्यासाठीं मुंबई गांठावी लागत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, कायदा पुस्तकांत निजलेला असतो. विचारणारा भेटला म्हणजे तो जागा होतो.